बावीस पांढऱ्या बरण्या

ॲसिडमावशींनी सव्वीस वर्षांत सलग चार दिवस रजा कधी घेतली नव्हती. बहिणीचं ऑपरेशन निघालं म्हणून घेतली, आणि तेवढ्यात शाळेने त्यांच्या प्रयोगशाळेचं वाटोळं केलं.

वाटोळं हा त्यांचा शब्द. मुख्याध्यापिकाबाईंच्या मते तो मेकओव्हर होता.

मावशी प्रयोगशाळेतल्या मदतनीस. शिक्षण दहावीपर्यंत. बाटल्या भरायच्या, काचसामान धुवायचं, टेबलं मांडायची आणि कार्ट्यांनी भाजून-कापून घेऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं, एवढं काम. पोरांनी 'ॲसिडमावशी' हे नाव बाटल्यांवरून ठेवलं की त्यांच्या जिभेवरून, याच्या चौकशीत त्या कधी पडल्या नाहीत. इतक्या वर्षांत एकाही मुलाला त्यांच्या खोलीत इजा झाली नव्हती. त्यांना गर्व होता तो या एकाच गोष्टीचा.

सोमवारी त्यांनी कुलूप उघडलं आणि आपण चुकून सोन्याचांदीच्या दुकानात आलो की काय असं त्यांना वाटलं. काचेची कपाटं, आत लपवलेले दिवे, आणि प्रत्येक बाटलीवर सोनेरी काठाचं एकसारखं गुळगुळीत लेबल. मावशींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली, वरून चिकटपट्टी मारलेली जुनी लेबलं गायब. सजावटवाला स्टुलावर चढून काच पुसत होता.

"जुनी लेबलं कुठायत?" मावशींनी विचारलं.

"काढली ना. टबात भिजवली, सगळी सुटली. फार कळकट दिसत होती हो."

"सगळ्या बाटल्या एकदम भिजवल्यात?"

"एकदमच. उगीच वेळ कशाला घालवायचा?"

"मग नवी लेबलं कशी लावलीत? कशात काय आहे ते कळलं कसं?"

"तुमच्या रजिस्टरमधून यादी उतरवली." तो अभिमानाने म्हणाला. "मोजून घ्या, एक नाव सुटलेलं नाही."

खरंच सुटलं नव्हतं. बाटल्या तेवढ्याच, नावंही तेवढीच. फक्त कुणाचं नाव कुणाला चिकटलंय याचा पत्ता नव्हता. विषारी मोरचुदाचे निळे खडे असलेली बरणी उठून दिसते म्हणून मधोमध ठेवली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'साखर'.

मावशी तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेल्या. या बाई याच शाळेत शिकलेल्या. दोन वेण्या घालणारी, काडी ओढायलाही घाबरणारी ती मुलगी मावशींना अजून आठवत होती. तिचा हात हातात धरून मावशींनीच तिच्याकडून पहिल्यांदा स्पिरिटचा दिवा पेटवून घेतला होता.

"मावशी, शनिवारी नव्या प्रवेशाचे पालक येतायत," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या शाळेने लॅब कशी केलीये बघितलीत? पालक कपाट बघतात हो. बाटलीत काय आहे ते कोण विचारतंय?"

"आणि शनिवारनंतर मुलांनी काय करायचं?"

"नंतर सगळं फेकून देऊ आणि नवं मागवू. त्यात काय एवढं?"

"फेकणार कुठे? बेसिनमध्ये? आधी पाइप जाईल, मग खालचं गटार."

बाईंनी कपाळ चोळलं. "मावशी, शनिवार होऊन जाऊ दे. तोपर्यंत लेबलांना हात लावायचा नाही."

"ठीक आहे. शनिवारी ती लेबलं निघाली नाहीत, तर संध्याकाळी लॅबची किल्ली तुझ्या टेबलावर असेल. खोट्या बाटल्या मी राखणार नाही." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "बाई."

बाहेर येताना त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण खरी चीड होती ती स्वतःचीच. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या माहितीपत्रकासाठी फोटोवाला आला, तेव्हा सहा चंचुपात्रांत रंगीत पाणी भरून कुणी दिलं होतं? मावशींनीच. पांढरे कोट घातलेली पोरं त्या पाण्याकडे टक लावून बघत उभी राहिली, आणि मावशी मूग गिळून बसल्या. घरी तरी काय वेगळं? नातीने ठरावीक कंपनीच्याच पाण्याच्या बाटलीचा हट्ट धरला, आठवडाभर डबा अर्धा परत आणला, आणि शेवटी बाटली आणून दिली आजीनेच. आत पाणी त्याच नळाचं.

मंगळवारी त्यांनी जहाल द्रवांच्या बाटल्या शोधून काढल्या. जड ॲसिड हातात घेतलं की मनगटाला कळतं, बाकीच्यांची ओळख लांबूनच नाकाला पटते. सगळ्या त्यांनी मागच्या लोखंडी कपाटात कुलपात टाकल्या. रिकाम्या जागी सजावटवाल्याने प्लॅस्टिकचं रोप ठेवलं. मावशी काही बोलल्या नाहीत, कारण बोलल्या असत्या तर रोपच त्याच्या डोक्यात घातलं असतं.

उरल्या बावीस पांढऱ्या बरण्या. मीठ पांढरं, सोडा पांढरा, तुरटीची पूड पांढरी, खडूची पूड पांढरी. इथे मनगट आणि नाक काय करणार?

बुधवारी नववीचा वर्ग दारात आला. विज्ञानाचा तास एरवी मोठ्या पडद्यावर व्हायचा, पण पडदा शनिवारसाठी सभागृहात नेलेला. सरांनी निरोप दिला होता, पोरांना जरा बसवून ठेवा. पोरांनी आत येताच आपापल्या पाण्याच्या बाटल्या टेबलावर मांडल्या, कंपनीचं नाव समोर येईल अशा. एकीने मात्र आपली भिंतीकडे वळवून ठेवली. तिची बाटली तशीच दिसणारी, पण त्या कंपनीची नव्हती. वर्गात तिला 'नकली' म्हणत. हे मावशींना ऐकू आलं आणि त्यांचं डोकं पुन्हा फिरलं.

"बसायला आलात का इथे? उठा. या बरण्यांवर लिहिलंय ते सगळं खोटं आहे. खरं काय ते शोधा."

"कसं शोधायचं?" एकाने विचारलं. "चाखून?"

"जीभ बाहेर दिसली तर कापून बरणीत घालीन, आणि तिला लेबलही लावीन."

मग त्यांनी पाणी, व्हिनेगर, आयोडीन, लिटमसचे कागद काढले. विरघळतंय का बघा, फेस येतोय का, कागद रंग बदलतोय का. प्रत्येक बरणी तीन-तीनदा, आणि लिहून ठेवायचं. पहिली दहा मिनिटं पोरांना कंटाळा आला. मग एका बरणीतली 'तुरटी' आयोडीनने काळी-निळी झाली, ती स्टार्च निघाली, आणि घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही. शुक्रवारपर्यंत बावीसच्या बावीस बरण्यांचा छडा लागला. सगळ्यात नीट वही 'नकली'ची होती.

शनिवारी पालक आले. त्यांनी फोटो काढले, कपाटं कुणी बनवली ते विचारलं, एका आईने दिवेवाल्याचा नंबर लिहून घेतला. नववीची मुलं पांढरे कोट घालून ओळीने उभी होती. मावशी किल्ली मुठीत धरून दाराशी. सहा वाजत आले होते आणि लेबलं होती तिथेच होती.

एका वडिलांनी बरणी उचलली. "हे मीठ ना? अगदी घरच्यासारखं दिसतंय."

"ते मीठ नाही," 'नकली' म्हणाली. "धुण्याचा सोडा आहे."

"अगं, इथे लिहिलंय की."

"लिहिलेलं चुकीचं आहे, काका. आम्ही तपासलंय. व्हिनेगर घातलं की फेस येतो. दाखवू?"

बाईंनी वळून मावशींकडे पाहिलं. मावशींनी नजर हलवली नाही.

"आणि बाकीच्या?" वडिलांनी विचारलं.

"बाकीच्यांवरही चुकीचंच आहे." तिने वही पुढे केली. "खरं यात आहे."

त्यांनी वही घेतली आणि उभ्याउभ्या वाचायला लागले. दिवेवाल्याचा नंबर घेणारी आईही खांद्यावरून डोकावली. बाईंनी ती बरणी वडिलांच्या हातून काढून घेतली. मग लेबलाचा कोपरा नखाने खरवडायला लागल्या. सोनेरी काठ निघाला, कागद काही निघेना.

"नखाने नाही निघायचं ते," मावशी म्हणाल्या. "आण इकडे. भिजवावं लागतं."

या वेळी त्यांनी 'बाई' जोडलं नाही. किल्ली कमरेला खोचली आणि बादली आणायला गेल्या.