थोरल्या जावेचे स्वतःचे शब्द

थोरली जाऊ कचेरीत टायपिस्ट. साहेबाचा मसुदा हातात पडला की साधा स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे व्हायचा नाही, आणि त्याचा तिला कोण तोरा! तेव्हा संध्याकाळच्या कॉलेजाआधीचा तयारीचा वर्ग म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असंच ती धरून चालली. वर्गाच्या बाईंनी पास केलं तरच कॉलेजात प्रवेश, आणि कॉलेज झालं तरच हेडक्लार्कची खुर्ची.

धाकट्या जावेनंही नाव घातलं. दिवसभर घर सांभाळणारी, साधा अर्ज लिहिताना अडखळणारी. "येऊ दे हो, तेवढाच तिला विरंगुळा," थोरली नवऱ्याला म्हणाली.

पहिल्याच दिवशी बाईंनी एक पान दिलं आणि सारांश लिहायला सांगितला. थोरलीनं काय करावं? अख्खं पान उतरवून दिलं, सुबक आणि बिनचूक. दुसऱ्याचा शब्द गाळायचा म्हणजे तिच्या लेखी चोरीच. बाई म्हणाल्या, "अहो, यात तुमचं काय आहे?" धाकटीनं वेड्यावाकड्या अक्षरात चार ओळी खरडल्या होत्या. त्या बाईंनी वर्गाला वाचून दाखवल्या.

झालं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी अभ्यास करताना गुणगुणायची, तेही हिच्या डोळ्यांत खुपायचं. "शुद्धलेखनाच्या नावानं शंख, आणि म्हणे हुशार," असं ती नवऱ्यापाशी धुसफुसायची. तो बिचारा "हं" म्हणून पेपरात तोंड खुपसायचा. किती जळावं माणसानं!

शेवटची परीक्षा तोंडी. कॉलेजात का जायचंय, ते उभं राहून आपल्या शब्दांत सांगायचं. थोरलीनं कुठलंसं भाषण पाठ केलं होतं, शिक्षणाने व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो वगैरे. बाईंनी मध्येच थांबवलं. "हे कुणाचं?"

प्रवेश हातचा चालला होता. समोर धाकटी शांत बसलेली, आणि तिला बघून थोरलीचा तोल सुटला. "हिच्यामुळे जायचंय. ही पुढे गेली आणि मी मागे राहिले, तर मला सहन व्हायचं नाही. हिचं कौतुक झालं की माझा घास खाली उतरत नाही. झालं समाधान?"

"पास," बाई म्हणाल्या. "आज तुमचं ऐकायला मिळालं."

परतताना धाकटी घराच्या फाटकापाशी थांबली. "जाऊबाई, सकाळी तुम्ही डबा घेऊन कचेरीला निघायचात ना, तेव्हा मी मुद्दाम मागच्या दारी जायचे. बघवायचं नाही मला."

इतकी वर्षं कुणीतरी आपल्यावर जळत होतं, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. थोरलीला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली.