कच्चा सांधा

ओनोझुका शिगेजीला आपल्याच धंद्याची शिसारी होती. काचेच्या धाग्यांनी बळकट केलेला प्लास्टिकचा पाइप घासला की त्याची भुकटी मानेत, काखेत, मोज्यांत शिरायची आणि अंग ओरबाडून काढावंसं वाटायचं. पाइप जोडायच्या राळेचा उग्र वास तर जेवताना भातालाही यायचा. बायको तोमी त्याचे कपडे वेगळ्या टबात, नाक मुरडतच धुवायची.

पण उओनुमाच्या खोऱ्यात पुरुषभर बर्फ पडतो. रुळांवर कोमट पाण्याचे फवारे मारल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. ते पाणी नेणारे जुने लोखंडी पाइप सडले होते. ते कापताना शेंबडासारखा तांबडा गाळ बुटांवर सांडला आणि शिगेजी तिथंच ओकला. त्यांच्या जागी नवे पाइप आले. दोन तोंडं जुळवायची, राळेत भिजवलेलं काचेचं कापड थरावर थर गुंडाळायचं, हीटर लावून ते कडक होऊ द्यायचं, हे त्याचं काम. एकोणीस वर्षांत त्याचा एकही सांधा गळला नव्हता.

ठेका मेहुण्याचा, कझामा योशिओचा. नोव्हेंबरात शिगेजी मावशीच्या अंत्यविधीला तीन दिवस सादो बेटावर गेला. परत येऊन बघतो तर अकरा सांधे भर पावसात उरकलेले. त्यानं एकावर अंगठा दाबला. अंगठा चिकटला.

"योशिओ, हे कच्चं आहे. हीटर कुठं होते?"

"दुसऱ्या कामावर. दाजी, उद्या तपासणी आहे. वरून रंग मारा, बास."

"रंगानं राळ पिकते होय रे?"

"ताईला विचारा, घर कुणाच्या कामावर चालतं ते!"

शिगेजीनं ब्रश उचलला आणि तीन सांधे स्वतःच्या हातानं रंगवले. उरलेले योशिओनं उरकले. संध्याकाळी तोमीनं मुळ्याचं गरम सूप पुढं ठेवलं, पण तो नळापाशीच उभा राहिला. हात तीनदा धुतले तरी बोटं त्याला घाण वाटत होती.

सकाळी रेल्वेच्या तपासणीस बाई आल्या. योशिओनं चहा पुढं केला, कमरेत वाकून हसला. त्या लाघवी हसण्याकडे शिगेजीनं पाठ फिरवली. बाई सही करणार, तोच तो म्हणाला, "बाई, जरा थांबा." त्यानं करवत घेतली आणि काल स्वतः रंगवलेला सांधा आडवा कापला. पात्याला पिवळट, पुवासारखी तार लागली.

"हा मी रंगवला," तो म्हणाला. "अकराही असेच आहेत."

बाईंनी रुमाल नाकाला लावला आणि कागद मिटला.

"घरभेदी!" योशिओ ओरडला. "माझ्याच ताटात जेवून माझ्याच ताटात थुंकलात!"

"थुंकलो ते काल," शिगेजी म्हणाला.

अकरा सांधे शिगेजीनंच पुन्हा केले, हीटर लावून, नऊ दिवसांत. पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा फवारे नीट उडाले. काम संपताच योशिओनं त्याला कामावरून काढलं, आणि रेल्वेनं योशिओला. नव्या ठेकेदाराचं बोलावणं आलं, पण शिगेजी गेला नाही. आता तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या छपरांवरचा बर्फ उपसतो.

नववर्षाला तोमी एकटीच भावाकडे मोचीच्या तांदळी वड्या घेऊन गेली. योशिओनं वड्या दारातूनच परत पाठवल्या. तोमी घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "सांगायचंच होतं, तर तीन तरी कशाला रंगवलेत हो?"

शिगेजी उठला आणि पुन्हा हात धुऊ लागला.