लिंपलेला गडगा

१९९९ साली मी रत्नागिरीत एका ठेकेदाराकडे साइटवर देखरेखीला लागलो. मूळचा घाटावरचा, त्यामुळे गावात ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. दिवसभर तोंड उघडायचं ते मजुरांवर ओरडायला. रविवारी तेही नाही.

साइट उतारावर होती. तिच्या खालच्या अंगाला एका म्हाताऱ्या मुसलमान बाईंचं घर आणि विहीर. मुलगे आखातात, सुना मुंबईला. बाई माझ्यासारख्याच एकट्या. मी त्यांना चाची म्हणायचो. रोज काम सुटलं की खालून हाक यायची, "साहेब, चाय झाली हां!" त्या हाकेसाठी मी दिवस काढायचो, खोटं कशाला बोलू.

ठेकेदाराची कामं शेजारच्या शहरातही होती. खणलेली माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून दोन्हीकडे काय नियम आहेत, ते एका कागदावर समोरासमोर मांड, असं त्याने सांगितलं. मला रविवार घालवायला आयतं काम मिळालं. शेजारच्या शहराचे नियम कसे भरगच्च! पावसाळ्यात खणू नये, ढिगावर ताडपत्री घालावी, उताराच्या पायथ्याशी पक्का बांध घालावा. आमच्याकडे एकच ओळ: मातीचा शेजाऱ्याला उपद्रव होऊ नये. मी एकटाच मोठ्याने हसलो. हा काय नियम झाला? हे तर आईने पोराला सांगावं तसं.

साइट आणि विहीर यांच्यामध्ये चाचींच्या कुंपणाचा जुना गडगा होता. जांभ्या दगडांचा, चुना-सिमेंट काही नाही, नुसता रचलेला. तो कागद माझ्या डोक्यात इतका भिनला होता की कुणी सांगितलं नसताना मी गवंड्याकडून गडग्याच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवून घेतल्या. झाला पक्का बांध. चाची कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"पण साहेब, पाणी जायचं कुठनं?"

"चाची, शेजारच्या शहरात असाच नियम आहे," मी म्हणालो.

बांधाला पाण्यासाठी भोकं ठेवायची असतात, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवतात. पण नियमात भोकं लिहिलेली नव्हती, आणि मी नियमावर भाळलो होतो.

आषाढात दोन दिवस पाऊस थांबला नाही. गडग्यामागे पाणी तुंबलं आणि सकाळी अख्खा गडगा आडवा. आमची सगळी लाल माती विहिरीत. इतकी वर्षं त्याच फटींतून पाणी निघून जात होतं आणि माती मागे राहत होती.

आम्ही विहीर उपसली. गावच्या माणसाकडून गडगा पुन्हा नुसता रचून घेतला. पण तो अख्खा पावसाळा विहिरीचं पाणी गढूळच राहिलं, आणि चाची टेकडीवरच्या नळावरून कळशी भरून आणू लागल्या. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा मी कळशी घ्यायला धावलो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊं दे."

त्यानंतर काम सुटल्यावर मी मुद्दाम रेंगाळत सामान आवरायचो. हाक आली नाही. शेवटी एके दिवशी आपणहून खाली उतरलो आणि दारात उभा राहिलो.

"काय काम होतं, साहेब?" चाचींनी विचारलं.

काम काहीच नव्हतं. सुचेना, म्हणून म्हणालो, "मातीचा आता काही उपद्रव नाही ना?"

"नाय," त्या म्हणाल्या, आणि कळशी उचलून टेकडीकडे निघाल्या.