नळीला पाडलेलं भोक

माहुलच्या कोळीवाड्यातल्या एका खोलीच्या वर्गात मंजुळा झाडू मारायची, खिचडी रांधायची आणि पाठ फिरवून उभी असली तरी कोणतं पोर खोकलं ते सांगायची. स्वतःच्या पोरीचा, कल्पिताचा, खोकला मात्र तिला ऐकवत नसे. "रिफायनरीचा धूर आहे हा, जागा बदला," डॉक्टर म्हणाले होते. सांगायला काय जातं! घर इथे, नवऱ्याची, चंदूची, होडी इथल्या खाडीत. जाणार कुठे? मग तिने नऊ वर्षांच्या पोरीला सांगून टाकलं, "कुल्फी खातेस ना, म्हणून धाप लागते." पोरीने त्याच दिवशी कुल्फी सोडली. त्याला आता दोन वर्षं झाली.

सोमवारी इंग्रिड आली. नॉर्वेची, पोरांना विज्ञान शिकवायला. हिंदी मोडकी, उत्साह दांडगा. पहिल्या दिवशी लिंबावर दिवा पेटेना, दुसऱ्या दिवशी भिंग हरवलं, पण पोरं खूश. टीचर ओरडत नाही म्हटल्यावर त्यांना सणच होता.

तिसऱ्या दिवशी तिने पाण्याने भरलेला कॅन टबात उपडा धरला आणि खालून रबरी नळी घातली. एका दमात फुंकायचं. जेवढा श्वास, तेवढं कॅनमधलं पाणी खाली. तिच्या गावच्या एवढ्याच वयाच्या पोरांचं पाणी कुठवर जातं, त्याची लाल रेघ तिने कॅनवर आधीच मारून ठेवली होती. एकामागून एक पोरांनी फुंकलं, डोळे बाहेर येईस्तोवर फुंकलं. रेघेपर्यंत एकही पोहोचलं नाही.

इंग्रिड गोंधळली. "नली खराब है," ती म्हणाली. "कल देखेंगे." कल्पिताची पाळी राहिली, ती रुसून बसली.

पोरं गेल्यावर मंजुळाने नळीचं एक टोक बोटाने दाबलं, नळी पाण्यात बुडवली आणि दुसऱ्या टोकातून फुंकून पाहिलं. एक बुडबुडा सुटेल तर शपथ. नळी धड होती. मग तिला संताप आला. या बयेला कोणी सांगितलं होतं पोरांचे श्वास मापायला? इतके दिवस चाललं होतं ना! तिने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि नळीत खुपसली. एकदा, दोनदा, तीनदा.

सकाळी तिनेच दाखवलं, "ये देखो टीचर, भोक!"

इंग्रिडच्या जिवात जीव आला. तिने मंजुळाला चक्क मिठी मारली आणि पिशवीतून नवी कोरी नळी काढली. येताना ती घेऊनच आली होती. मंजुळाच्या तोंडचं पाणी पळालं.

"कल्पिता, पहले तुम."

पोरगी धावत गेली. मानेच्या शिरा तटतटून फुगल्या. पाणी दोन बोटं उतरलं आणि थांबलं. इंग्रिड रेघेकडे बघत राहिली.

कल्पिताने टीचरकडे पाहिलंच नाही. धापा टाकत ती आईकडे वळली.

"आई, पण मी कुल्फी एकदापण नाही खाल्ली गं."