गाईची हजेरी

त्या दुष्काळात आमच्या गाईची हजेरी रोज दोनदा व्हायची. दूध सोसायटीने तळ्याच्या वरच्या माळावर चारा छावणी उघडली होती. सकाळ-संध्याकाळ सोसायटीचा कारकून दावणीवरून फिरायचा, प्रत्येक जनावराच्या कानातला बिल्ला बघायचा आणि मगच उसाचं वाढं मिळायचं. जनावर जागेवर नसलं की चारा बंद.

आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, दोघंही ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. भाऊ आणि मी काकूजवळ. भाऊ माझ्याहून मोठा, पण एक वर्ष नापास होऊन माझ्याच वर्गात आलेला. दोघांचीही दहावी. गाईसाठी तो छावणीतच झोपायचा आणि तिथूनच शाळेत यायचा. म्हणजे यायला पाहिजे होता. दिवाळीनंतर त्याची जागा रिकामीच राहायला लागली. सरांनी विचारलं की पोरं म्हणायची, छावणीला हाय. तेवढ्यावर विषय मिटायचा. त्या साली अर्धा वर्ग कधी छावणीला, कधी टँकरच्या रांगेत असायचा, कुणाकुणाला विचारणार? पुढे पुढे सरांनी त्याचं नाव पुकारणंही सोडलं.

तो असायचा फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानामागे. तिथे चार पोरं जमून फडक्यावर पंक्चर चिकटवायचं सोल्युशन ओतायची आणि फडकं नाकाला लावून हुंगत बसायची. त्याच्या सदऱ्याला तो गोडसर, डोक्यात जाणारा वास यायचा. मी काकूला सांगितलं. काकूने सदऱ्याचा वास घेतला आणि ती म्हणाली, पंक्चर काढायला शिकतंय वाटतं, बरंच हाय की, हाताला काम राहील. आता काय बोलावं? कपाळावर हात मारून घेतला मी.

संध्याकाळी मी त्याची भाकरी घेऊन छावणीत जायची. शेकडो जनावरांच्या पायांनी उडालेली धूळ उन्हात तरंगत असायची, सावलीला बांधलेल्या हिरव्या जाळ्या वाऱ्यावर फुगायच्या आणि घंटा वाजत राहायच्या, सगळीकडून, सावकाश. भाऊ गाईला टेकून, डोळे अर्धे मिटून बसलेला. म्हणायचा, "तळं भरलंय बघ. पार सांडव्यापातूर." खाली नुसता भेगाळलेला गाळ. माझा संताप व्हायचा. आणि तरी तो इतका हळू, इतका लाडाने सांगायचा, की क्षणभर मलाही थंड वारा लागल्यासारखा वाटायचा. त्या वाऱ्याची मला भीती वाटायची.

एके दिवशी गणिताच्या तासाला सोसायटीचा माणूस शाळेत आला. आमची गाय सकाळच्या हजेरीला नव्हती. सरांनी मला तिथल्या तिथे सोडलं. काकू चप्पल न घालताच आलेली, कारकून आलेला, छावणीतली माणसं आलेली. सगळे हुडकायला निघालो.

ती तळ्याच्या मधोमध उभी होती. पायाशी भाऊ आडवा पडलेला, एका हातात दावं, दुसऱ्यात फडकं. काकूने किंकाळीच फोडली. मी त्याला गदागदा हलवलं, तेव्हा त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघून, अगदी समजुतीने सांगितल्यासारखा म्हणाला, "पानी पाजाया आनलं तिला. एवढं पानी हाय, पन पीना झालीय."

कारकुनाने गाईचा कान हातात धरला, बिल्ला बघितला, सापडली म्हणाला. काकूनेही सुटकेचा श्वास टाकला. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"गाय एक सकाळ दिसली न्हाई तर समदे पळत आलात," मी म्हणाले. "ह्याला दिवाळीपासून कुनी हुडकलं का?"

कारकुनाने गाईचा कान सोडला आणि भावाला खांद्याला धरून उठवलं. काकू पदर तोंडाला लावून रडत होती.

त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. छावणीत काकू राहायला गेली. भाऊ घरी पडून असायचा, चिडायचा, दोनदा फाट्याकडे पळालाही. दोन्ही वेळा काकू छावणीतून धावत जाऊन त्याला परत घेऊन आली. परीक्षा तोंडावर आली तेव्हा मी त्याला हाताला धरून शाळेत नेलं.

तो त्याच्या जुन्या जागेवर बसला. सरांनी हजेरी घेतली आणि कित्येक दिवसांनी त्याचं नाव पुकारलं. भावाने मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारली म्हणून. सर थांबले. त्यांनी पुन्हा तेच नाव पुकारलं, जरा हळू. तेव्हा कुठे त्याने हात वर केला.