अक्काचे डोळे उघडेच होते

भूतबित सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो — झोप नीट झाली होती का? जळगावला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळतो. बिघाड म्हटला की त्याला कारण असणारच, हा माझा हेका. तेव्हा हसायचं तर हसा... पण पूर्ण वाचून हसा.

यंदा उन्हाळ्यात एक जुना डिजिटल कॅमेरा सेकंडहँड घेतला. माझी मोठी बहीण, अक्का, असोद्याला ज्वारीचे बिबडे करून विकते — म्हणजे आपले खान्देशी पापड. पाकिटावर तिचा फोटो छापायचा होता. पण फोटो यायचे धुरकट. मग लेन्स पुसली, बॅटरीचे पॉइंट खोडरबरने घासले, फ्लॅश बंद केला, आयएसओ ऑटोवरून शंभरवर आणला आणि अक्काला दाराच्या उजेडात बसवलं. फोटो एकदम झकास आला!

फक्त एक भानगड होती. अक्काचा फोटो काढला की स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न — 'कोणी डोळे मिटले का?' अशा कॅमेऱ्यांत ही सोय असते. चेहरा सापडला आणि पापणी मिटलेली वाटली, तरच मेसेज येतो.

“अक्का, डोळे मिटू नको ना!”

“काहाले कटकट करतो रे? उघळेच तं आहेत माह्ये डोये!”

झूम करून पाहिलं. उघडेच होते. पहिला संशय दुकानदारावर — गोड बोलून बिघडलेला पीस गळ्यात मारला लेकाने! कार्ड बदललं, सेटिंग रिसेट केलं. भाऊजींचा फोटो काढला, शेजारणीचा काढला, काही नाही. पुन्हा अक्का... पुन्हा तोच प्रश्न. आता मला अक्काचाच संशय यायला लागला, मुद्दाम तर करत नाही ना?

थोड्या वेळाने ती गच्चीवर खाटेवर बिबडे वाळत घालत होती. पाठमोरी, डोक्यावर पदर. मी सहज क्लिक केलं.

'कोणी डोळे मिटले का?'

फोटोत चेहराच नाही, तर डोळे कुठले? भरदुपारी अंगावर काटा आला. तिला दाखवायला म्हणून मी तिच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो. ती वळली आणि सरळ माझ्यावर आदळली.

“अगं, दिसलो नाही का मी?”

पदराशी चाळा करत ती हळूच म्हणाली, “या डोयानं दिसत नही रे. बिबड्याचा सिझन सरला का सांगनार होती...”

दुसऱ्याच दिवशी जळगावला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात नुकती सुरुवात. सिझन सरेपर्यंत थांबलो असतो तर उजव्याचंही सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. हा आजार बाहेरून दिसतो का, फोटोत येतो का, हे मी खोदून खोदून विचारलं. “छे हो,” डॉक्टर म्हणाले, “आम्हालासुद्धा मशीनशिवाय कळत नाही.”

आता भाऊजी रोज तिच्या डोळ्यांत थेंब घालतात. उजवा डोळा शाबूत आहे. त्यानंतर अक्काचे कितीतरी फोटो काढले, मेसेज एकदाही आला नाही. कॅमेरा उघडूनही पाहिला, बिघाड सापडला नाही. कुणाकडे कारण असेल तर खरंच सांगा, मी मान्य करीन.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. 'पप्पा, माझा पण काढा ना त्या कॅमेऱ्याने' म्हणून रोज मागे लागते. मी मोबाईल काढतो.