डाव्या पायाची गादी

माझ्या हातून आज जे काही चांगलं होत असेल, त्याचं सगळ्यात मोठं ऋण कौसल्याबाईंचं आहे. आईवडिलांनी धानाच्या बांधीत राबून मला शिकवलं, आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो, ते ऋण वेगळं. पण पोटासाठी मी जे काम करतो, ते मला कौसल्याबाईंच्या पायांनी दिलं.

लाखनीत हायवेच्या मागच्या गल्लीत बाईंचं घर होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही. रोज दिवेलागणीच्या आधी त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या, दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवायच्या आणि गल्लीतून जो कोणी जात असेल त्याला हाक मारायच्या.

"काय गा, इकडं ये. माह्ये तळवे पाहून सांग, कुठं लाल दिसते का?"

दूधवाला, शिकवणीला निघालेल्या मुली, सिलिंडर पोचवणारा, कोणीही. एकदा पंक्चरचं दुकान शोधत गल्लीत शिरलेल्या ट्रकच्या क्लीनरलाच त्यांनी थांबवलं. तो बिचारा वाकून पाहत म्हणाला, "सब ठीक है, माताजी," आणि जाता जाता तळव्यांना हात लावून नमस्कार करून गेला. बाई हसत म्हणाल्या, "पाय दाखवले तर पायाच पडून गेला बाप्पा!"

शुगरमुळे बाईंच्या पायांतली जाणीव गेली होती. खडा रुतला, जोडा चावला, पाणी गरम असलं, तरी पायाला काही कळत नसे. जोडा घालण्याआधी त्या तो उलटा करून आपटायच्या, मग आत हात घालून चहूबाजूंनी चाचपायच्या. "पायाले विचारू नोको, तो खोटं बोलते. हाताले विचार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ओट्यावर अभ्यासाला बसलेलं कोणी पोरगं न वाचताच उत्तर ठोकून देऊ लागलं तरी त्या म्हणायच्या, "तुहं डोकं माह्या पायासारखं हाये काय गा?"

अकरावीला मी त्यांच्याकडे राहायला आलो. माझं गाव आतल्या बाजूला, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की कॉलेज बुडायचं. वडील बाईंचे जुने विद्यार्थी. ते संकोचाने भाड्याचं विचारू लागले, तर बाई म्हणाल्या, "भाडं एकच. संध्याकाळी माह्ये तळवे पाहून द्यायचे. खरं सांगायचं. मले बरं वाटावं म्हणून सांगायचं नाई."

असे मी दोन वर्षं बाईंचे तळवे पाहिले. डाव्या अंगठ्याखालचा घट्टा, उजव्या टाचेची भेग, करंगळीजवळची पांढरी पडलेली जागा, हे सगळं मला माझ्या गावच्या वाटांसारखं पाठ झालं होतं. आजही देवळात रांगेत उभा असलो की सगळे समोर देवाकडे बघतात आणि माझी नजर पुढच्या माणसाच्या उचललेल्या टाचेकडे जाते.

बाईंची खरी अडचण मापाची होती. सकाळी पाय एका मापाचे असायचे, संध्याकाळी सुजून दुसऱ्याच. दुकानात पाचचा मागा नाहीतर सहाचा. मधलं काही नाही. नागपूरहून खास बनवून घेतलेले जोडे येईपर्यंत पायांनी आपलं माप बदललेलं असायचं. जोडा सैल असला तर पाय आत घासायचा, घट्ट असला तर बोटं लाल व्हायची, आणि दोन्ही वेळी बाईंना पत्ता नसायचा. डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोरच सांगितलं होतं की, तुमच्या बाबतीत लहानशी जखमसुद्धा लहान नसते.

इंजिनिअरिंगला नागपूरला गेल्यावर पहिल्याच दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्यासाठी जोड्यातली गादी बनवली. जुन्या दप्तराचा फोम, फाटक्या रेनकोटचं वेलक्रो आणि मोच्याकडून आणलेलं सोल्युशन. कल्पना साधी होती. गादीचे दोन तुकडे, टाचेचा आणि चवड्याचा. एक दुसऱ्यावर सरकणारा. लांबी हवी तेवढी करून चिकटवायची. खाली पातळ पट्ट्यांचे थर. पाय सुजला की एक पट्टी ओढून काढायची, जोड्यात तेवढी जागा होते. सूज उतरली की परत लावायची. सुई-दोरा नको, मोची नको, नागपूर नको. ज्याचा पाय त्यानेच, बसल्या जागी.

पण घट्ट झालंय की सैल, हे ज्याला कळतच नाही त्याने पट्टी काढायची तरी कधी? मी तिथंच अडलो होतो. बाईंनी जोड्यात पाय घातला, टाचेमागे आपल्या हाताची करंगळी सरकवली आणि म्हणाल्या, "हे पाह्य. करंगळी अडकली तर घट्ट. दोन बोटं गेली तर सैल. हाताले समजते." मग टेबलावरचा लाल पेन घेऊन त्यांनी गादीच्या टाचेवरच मार्क लिहिले, दहापैकी चार.

"फक्त चार, बाई?"

"घाम आला की गादी सरकन. अन् वास येईन. पास झाला, कायले रडून राहिला?"

त्यानंतर दर सुटीत मी नवी गादी न्यायचो आणि बाई लाल पेन काढायच्या. पाच, साडेपाच. एकदा सात मिळाले तेव्हा मी कॉलेजच्या निकालापेक्षा जास्त खूश झालो. पूर्ण मार्क कधी देणार असं विचारलं, तर म्हणाल्या, "दिले तर तू थांबशीन." पुढे मी पादत्राणांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम केला आणि नागपुरात आजारी पायांसाठी जोडे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागलो. मुलाखतीत नमुना दाखवा म्हणाले, तेव्हा मी लाल शाईचे मार्क असलेल्या गाद्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या.

बाईंचे पाय या सगळ्या काळात चांगले राहिले. जे झालं ते जोड्यात झालं नाही, जोडा काढल्यावर झालं.

आमच्याकडे खळ्यावर कोणी चपला घालून जात नाही. मळणीला आता थ्रेशर आलं, ट्रॅक्टर आले, पण धानाची रास पडते तिथे चपला धुऱ्यावरच, शेताच्या कडेच्या बांधावर, काढून ठेवायच्या. धान म्हणजे लक्ष्मी. बाई दरवर्षी मळणीच्या दिवसांत गावी आपल्या शेतावर मुक्कामाला जायच्या. मी किती वेळा सांगितलं असेल, "बाई, तुमचं वेगळं आहे. तुम्ही जोडे घालूनच जा."

"लक्ष्मीवर जोडे घालून चढू? अन् गाव काय म्हणन? मास्तरीण झाली तर धानावर जोड्यानं हिंडून राहिली?"

त्या वर्षी धुऱ्यापासून खळ्यापर्यंत कापलेल्या बांधीतून जाताना धानाचं एक धसकट डाव्या तळव्यात घुसलं आणि आतच मोडलं. बाईंना काही कळलं नाही. नियमाप्रमाणे त्यांनी संध्याकाळी तळवे दाखवले. पण दाखवले ते शेजारच्या जनाबाईंना. घरात वडीलधारी बाई बसलेली असताना तिला ओलांडून पोराबाळांना कसं विचारायचं? जनाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी प्रेमाने तळव्यांवरून हात फिरवला. "काई नाई वो कौसल्या, लेकराच्या पायासारखे पाय हायेत तुह्ये."

मळणी संपेपर्यंत रोज हेच उत्तर मिळालं. लाखनीला परतल्यावर दूधवाल्याने काळा पडलेला डावा तळवा पाहिला आणि त्याच्या हातातलं दूध ओट्यावर सांडलं. नागपूरच्या दवाखान्यात डावा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

बाई घरी आल्यावर मी भेटायला गेलो. दुपारची वेळ होती, घराचं दार उघडं होतं. आत पाऊल ठेवलं आणि थबकलो. बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि समोर त्यांचे दोन्ही जोडे शेजारी शेजारी मांडलेले होते. कपाळावर घाम. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली.

"निल्या, बरं झालं आला. डावा घट्ट होऊन राहिला."

मी म्हणालो, "बाई, डावा..."

"मले मालूम हाये कापला म्हणून. मी काय येडी झाली? पण घट्ट होऊन राहिला. बोटं आवळून राहिली. इतकी वर्षं मेला एक शब्द बोलला नाई, आता गेल्यावर बोलून राहिला."

कापलेला पाय असल्यासारखा जाणवतो, दुखतोही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि त्या दुपारी त्या खोलीत उभं राहणं वेगळं. मी पुढे झालो तर बाईंनी हाताने थांबवलं. "थांब. माह्या पायाचं मीच करतो."

त्या वाकल्या. डावा जोडा त्यांनी मांडीवर घेतला, आतली गादी अलगद बाहेर काढली, खालची एक पट्टी ओढून काढली. चवड्याचा तुकडा थोडा पुढे सरकवून चिकटवला. गादी परत आत बसवली, जोडा होता तिथे खाली ठेवला. मग खाली हात नेऊन, जिथे टाच असायला हवी होती तिच्यामागे, त्यांनी करंगळी सरकवली.

हायवेवरून एक ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरून थांबली. बाईंचे खांदे हळूहळू खाली आले.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बरं."

रिकाम्या जोड्याकडे मी बघू शकत नव्हतो आणि नजर काढूही शकत नव्हतो. जोड्याच्या वरची घडी, जिथून पाय वाकतो ती, मला क्षणभर भरलेली दिसली.

चहा पिताना मी मूळ विषयावर आलो. उरलेला पाय. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा गेला तर बाई उठू शकणार नाहीत. "पुढच्या मळणीला खळ्यावर जाऊ नका, बाई."

"माह्यं शेत हाये. बसून जाईन, धरून जाईन, पण जाईन."

"मग जोडा घालून."

"ते होत नाई."

डाव्या जोड्यातल्या गादीकडे पाहत मी विचारलं, "आणि जोडा नसला, नुसती गादी असली तर? तळव्याला बांधलेली?"

बाईंनी बशी खाली ठेवली. एखाद्या पोराने भलताच प्रश्न विचारला की त्या जशा बघायच्या, तशा बघू लागल्या.

"कातडं राहीन तिच्यात?"

"नाही."

"रस्त्यावरून चाललेली?"

"नाही. कोरी. फक्त खळ्यासाठी."

"पाठवजो मंग. पाहीन." आणि मी उठलो तेव्हा दारापर्यंत आवाज आला, "जोडी पाठवजो. एकटी नोको पाठवू."

मी ती गादी बनवली आणि पत्र घालून पाठवली. फोनवर बाई जेवलास का, एवढंच विचारायच्या. बाकीचं लिहून पाठव म्हणायच्या, म्हणजे पुन्हा वाचता येतं.

त्या मळणीनंतरच्या उन्हाळ्यात दुपारी झोपेत बाई गेल्या. उजवा पाय शेवटपर्यंत त्यांच्यापाशी होता. जवाहरनगरला नोकरीला असलेला त्यांचा पुतण्या माझ्या कारखान्यात येऊन एक पिशवी देऊन गेला. आत ती जोडी आणि माझं पत्र होतं. उजव्या गादीच्या बंधात धानाची कुसं अडकलेली होती, तळाला मळणीची धूळ. म्हणजे बाई ती बांधून खळ्यावर गेल्या होत्या. डावी गादी कोरी, स्वच्छ होती. फक्त तिच्यातली एक पट्टी काढलेली होती आणि चवडा थोडा पुढे सरकवलेला होता. मार्क कुठेच नव्हते. मी दोन्ही गाद्या उलटसुलट करून पाहिल्या.

आता ज्यांचा एकच पाय आहे अशा लोकांच्या मागण्या आमच्याकडे येतात. मी जोडीच पाठवतो. मालक कुरकुरतात. काही लोक दुसरी गादी परत करतात. जे करत नाहीत, त्यांना मी कधी विचारत नाही.

बाईंना पाठवलेलं पत्र असं होतं:

"ती. बाईंना,
सा. न.

सोबत गादीची जोडी आहे. कातडं नाही, खिळा नाही, एकही पाऊल चाललेली नाही. तळाला घट्ट विणीचं जाड कापड आहे, धसकट आरपार जाणार नाही. आईला दाखवली. ती म्हणाली, ही चालते, पाटासारखी आहे.

बंध संध्याकाळी एक बोट ढिला करा. करंगळीने तपासा. खळ्यावरून आल्यावर आधी गादी सोडायची, मग पाणी प्यायचं, उलट नाही. तळवा रोज कोणाला तरी दाखवा. जनाबाईंना नमस्कार सांगा, पण त्यांना दाखवू नका.

उजव्या पायाचं माप मी माझ्याकडच्या जुन्या मापावरून घेतलं आहे. डाव्या पायाची गादीही तेवढीच ठेवली आहे. त्याचं आताचं माप मला माहीत नाही. ते तुम्हीच करून घ्या.

तुमचा,
निलेश"